सेगुलाबाईंचा रोष

लग्न होऊन मी लालबागच्या तांबट चाळीत आले, त्या पहिल्याच आठवड्यात कोंडीरामांनी मला एक गोष्ट बजावून सांगितली. शेजारच्या खोलीतल्या सेगुलाबाई वाक्रुळकर तशा मनाने चांगल्या, ब्लाउज शिवण्यात त्यांचा हात धरणारं काळाचौकीपर्यंत कुणी नाही, पण महिन्यातून एकदा त्यांना रोष येतो. त्या दिवशी त्यांच्या दारात काम घेऊन जायचं नाही.

कोंडीराम म्हणजे माझे यजमान. तेव्हा मी त्यांना ‘हे’ म्हणायची. आता मी ऐंशी ओलांडली आणि ते जाऊनही बरीच वर्षं झाली, तेव्हा नाव घेते. मिलमध्ये ते टाइमकीपर होते. कोण किती वाजता आला, किती मिनिटं उशीर केला, हे टिपायची सवय हाडात मुरलेली. सेगुलाबाईंचा रोषसुद्धा त्यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरवर पेन्सिलीने खुणा करून ठेवला होता. दर एकोणतीस-तीस दिवसांनी, न चुकता. कधी एक दिवस टिकायचा, कधी दोन.

ही पंचावन्न सालची गोष्ट. तो दिवस मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा मलाही त्यांचंच खरं वाटलं. एरवी सकाळी सातला शेजारून हातमशीनची घरघर सुरू व्हायची. त्या दिवशी मशीन मुकं होतं. त्यावर धुतलेलं फडकं टाकून वरून सुतळीची गाठ मारलेली. सेगुलाबाई न्हाऊन, अंबाड्यात अबोलीचा गजरा माळून, ठेवणीतलं डाळिंबी पातळ नेसून गॅलरीत खुर्चीवर बसल्या होत्या. पाय समोरच्या स्टुलावर. आणि आत त्यांचे यजमान आरनराव, रेल्वे वर्कशॉपमधले सहा फुटी फिटर, स्टोव्हसमोर उकिडवे बसून डाळीला फोडणी देत होते. नवरा फोडणी देतोय आणि बायको रस्त्यावरची ट्राम बघत बसली आहे, याला रोष नाही तर काय म्हणायचं?

मी भीत भीत जवळ गेले आणि काही बिनसलंय का, असं विचारलं.

“बिनसायचंय काय? आज रोश होदेश आहे,” त्या म्हणाल्या.

“पण रोष कुणावर?”

त्या माझ्याकडे बघत राहिल्या आणि मग इतक्या हसल्या की गजरा सुटून मानेवर आला. आरनराव हातात उलथनं घेऊन बाहेर डोकावले. मग सेगुलाबाईंनी मला बसवून घेतलं आणि सांगितलं की हा पोटफोड्या ष नव्हे, शेंगेतला श. रोश होदेश म्हणजे महिन्याचं डोकं. नवा चंद्र. त्यांच्या ज्यू लोकांत तो बायकांचा सण. पुरुषांनी त्या दिवशी खुशाल कामाला जावं, बायकांनी मात्र शिवण, टिपण, सूत, धुणं यांना हात लावायचा नाही.

त्या बेने इस्राएल. वाडवडिलांचं गलबत शेकडो वर्षांपूर्वी अलिबागेकडच्या किनाऱ्यावर फुटलं, असं त्यांच्यात सांगतात. जे वाचले ते तिथेच तेल गाळू लागले. शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून गावचे लोक त्यांना शनवार तेली म्हणत. सेगुलाबाईंचं माहेर नागावचं, सासरचं गाव पेणजवळचं वाक्रूळ. त्या बोलायच्या ते माझ्या कोकणातल्या आजोळच्या बायकांसारखंच. देवघर नव्हतं, दाराच्या चौकटीवर एक बोटभर लांबीची नळी ठोकलेली होती. येता-जाता तिला बोट लावून बोटाचा मुका घ्यायच्या. आणि मासा खवल्याचाच खायच्या. शीव कोळीवाड्याची रखमा चाळीत मासे घेऊन यायची, तिला हे पाठ होतं. कोळंबीची टोपली ती सेगुलाबाईंच्या दारावरून झाकून न्यायची, जसं काही आत कुणी सोवळ्यात बसलंय.

बायकांनाच सुट्टी का, हे त्यांनी मला त्याच दिवशी सांगितलं, आणि पुढे चाळीतल्या प्रत्येक नव्या सुनेला सांगताना मी ते इतक्यांदा ऐकलं की आता मलाच तोंडपाठ आहे. मोशे देवाकडून आज्ञा आणायला डोंगरावर गेला तो चाळीस दिवस आला नाही. खाली पुरुषांचा धीर सुटला. त्यांना वाटलं, हा काही येत नाही, आपण दुसरा देव करू. सोन्याचं वासरू करू. सोनं कुठून आणायचं? बायकांच्या अंगावरून. प्रत्येक जण घरी गेला आणि बायकोला म्हणाला, बांगड्या काढ. बायका म्हणाल्या, काढत नाही. चाळीस दिवस वाट बघवत नाही तुम्हाला? आम्ही नऊ नऊ महिने बघतो. शेवटी पुरुषांनी स्वतःच्या कानातलं काढून वासरू केलं आणि जे काही भोगायचं ते भोगलं. बायकांनी दागिने दिले नाहीत म्हणून परमेश्वराने त्यांना दर महिन्याला एक दिवस बक्षीस दिला.

“आई म्हणायची, बाईच्या जातीला आपण होऊन कुणी काही देत नाही. हा एक दिवस देवाने दिलाय, तो परत करू नकोस,” असं म्हणून त्या पाय पुन्हा स्टुलावर ठेवायच्या.

चंद्राकडे त्या फार ममतेने बघायच्या. तोसुद्धा महिन्यातून एक दिवस घरी बसतो, त्याला कुणी आळशी म्हणत नाही, असं त्यांचं म्हणणं. बसतो म्हणूनच नवा होऊन येतो. मी एकदा म्हटलं की आमच्यात अमावस्येला वाईट मानतात. त्या म्हणाल्या, तुमच्या पुरुषांनी मानली असेल.

एरवी त्या बसणाऱ्यांपैकी नव्हत्या. बुटक्या, गोल, तोंडात चार टाचण्या धरून त्यांच्या फटींतून अखंड बोलणाऱ्या. मापाची टेप गळ्यात असायची, पण ती शोभेला. बाई दारात उभी राहिली की त्यांना माप कळायचं, आणि नुसतं कळून थांबायचं नाही. मला तिसरा महिना लागला हे मला कळायच्या आत त्यांना कळलं. ब्लाउज शिवून देताना आत दोन बोटं जादा कापड ठेवलं आणि म्हणाल्या, लागेल.

हळूहळू आम्ही बायका त्या दिवशी दुपारी तासभर त्यांच्याकडे जाऊन बसायला लागलो. त्या मलिदा करायच्या: भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, साखर, वेलची, वर केळ्याच्या चकत्या. आधी एलियाहू हन्नाबी या त्यांच्या संदेष्ट्याच्या नावाने काही म्हणायच्या, मग आम्हाला वाटायच्या. शब्द आम्हाला कळत नसत. पण चाल अशी होती की मांडीवरचं मूल झोपायचं.

मजल्यावर टोकाला सुंदराबाई राहायच्या, मिलच्या वाइंडिंग खात्यातल्या. छप्पन साली त्यांच्या घराने बुद्ध धम्माची दीक्षा घेतली आणि त्यांनी जुने देव, उपास, व्रतं सगळं एका दिवसात सोडलं. त्यानंतरच्या नव्या चंद्राला त्या दारात येऊन उभ्या राहिल्या. म्हणाल्या, “मला चंद्राला काही द्यायचं नाही आणि त्याच्याकडून काही घ्यायचं नाही. खुर्ची असेल तर सांगा.” सेगुलाबाईंनी स्वतःच्या पायाखालचं स्टूल काढून त्यांना दिलं.

ते दिवस संयुक्त महाराष्ट्राचे. मिल बंद, दुकानं बंद, आज मोर्चा, उद्या सभा. हरताळाच्या दिवशी पुरुष घरी, आणि ते घरी म्हणजे दर तासाला चहा. सेगुलाबाई म्हणायच्या, यांचा हरताळ आपल्या चुलीवर चालतो. पण मोर्च्याला त्या सगळ्यांच्या पुढे. एकदा शिवाजी पार्कच्या सभेला आम्ही गेलो होतो. शेजारी बसलेल्या दादरच्या एका बाईने त्यांचं नाव ऐकून विचारलं, तुमचा काय संबंध, तुम्ही मराठी का? सेगुलाबाईंनी तिला सांगितलं की आमचे खापरपणजे नागावला मराठीत तेल विकत होते, गिऱ्हाइकाशी भांडतही मराठीतच होते. तुमचे कुठे होते ते चौकशी करून पुढच्या सभेला सांगा. त्या बाईने उरलेला वेळ आम्हाला शेंगदाणे दिले.

त्यांची एकुलती मुलगी डायना नर्स होऊन इस्राएलला गेली होती. दर पत्रात आईवडिलांना बोलवायची. सेगुलाबाई उत्तर द्यायच्या की मुंबई महाराष्ट्राला मिळेपर्यंत काही यायला जमणार नाही.

ती अखेर मिळाली. साठ सालच्या एक मेला राज्य होणार हे पक्कं झालं. चाळीच्या समितीचे सेक्रेटरी अर्थातच कोंडीराम. त्यांनी कागदावर सगळा कार्यक्रम आखला. शनिवारी, तीस तारखेला संध्याकाळपर्यंत चाळ सजली पाहिजे. दीडशे भगव्या पताका, जिन्यांना तोरणं, आणि दरवाजावर आठ हात लांब पांढरा कापडी फलक, त्यावर भगव्या कापडाची अक्षरं कापून शिवलेली: ‘महाराष्ट्र राज्य चिरायू होवो’. कापड यायला उशीर झाला. मंगळवारी, सव्वीस तारखेला, दिवेलागणीच्या बेताला कोंडीराम दोन्ही तागे खांद्यावर घेऊन सेगुलाबाईंच्या दारात गेले. मी मागे होते.

सेगुलाबाई मशीनवर फडकं टाकत होत्या.

कोंडीरामांनी काम सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, सुतळीची गाठ मारली आणि सांगितलं की उद्या बुधवार आणि परवा गुरुवार रोश होदेश. परवा रात्री दिव्यावर मला टीप दिसत नाही, शुक्रवारी सकाळी उजाडल्याबरोबर बसते. दिवस मावळला की शब्बाथ लागला, मग शनिवार दिवसभर काही नाही. म्हणजे एक शुक्रवार तुमचा.

कोंडीरामांनी मनातल्या मनात आकडेमोड केली आणि ती जमली नाही. त्यांनी बाईंना तिथल्या तिथे पकडलं. मागच्या महिन्यात एकच दिवस होता, माझ्याकडे नोंद आहे, असं ते म्हणाले. सेगुलाबाईंनी शांतपणे समजावलं की मागचा महिना एकोणतीस दिवसांचा होता, हा तिसाचा. महिना तिसाचा असला की तिसावा आणि पुढचा पहिला, दोन्ही धरायचे. मनाने वाढवलेला नाही, पंचांगात छापलाय. त्यांनी छापील पंचांग दाखवलंही. कोंडीरामांनी ते खालून वर आणि वरून खाली वाचलं, कारण छापील कागदापुढे त्यांचं काही चालत नसे.

“बाई, महाराष्ट्र एकदाच होणार आहे,” ते शेवटी म्हणाले. “चंद्र काय, दर महिन्याला येतो.”

“येतो ना. चोवीस वर्षं झाली मला या खोलीत, एकदाही त्याला परत पाठवलेला नाही. आता महाराष्ट्रासाठी पाठवला तर उद्या लग्नासाठी पाठवीन, परवा दिवाळीसाठी. मग तो माझा राहिला कुठे?”

कोंडीराम तागे घेऊन परत आले. ते रागावले नव्हते, दुखावले होते, आणि ते जास्त वाईट. जेवता जेवता त्यांनी तोडगा काढला. चाळीतल्या सगळ्या बायकांनी सुई-दोरा घेऊन हाताने शिवायचं. दोन दिवस भरपूर झाले. “तुम्ही बायका दुपारच्या रिकाम्याच असता,” असं ते म्हणाले आणि ताटात भात मागितला.

मला तेव्हा दोन मुलं होती. पाचला उठून नळावर रांग, डबा, बालवाडी, धुणं, निवडणं, दळण. पाच वर्षांत मी त्यांना एकाही गोष्टीला नाही म्हटलेलं नव्हतं. त्या रात्री भात वाढला आणि सांगितलं, “उद्या आणि परवा मला सुट्टी आहे.”

ते म्हणाले, कसली सुट्टी? मी म्हटलं, मी काढणार नाही.

“काय काढणार नाहीस?”

“बांगड्या.”

त्यांना काही कळलं नाही. मलाही नीटसं कळलं होतं असं नाही. पण बोलून झालं होतं.

बुधवारी सकाळी ते आंघोळ करून तडक ज्यूंच्या प्रार्थनास्थळाकडे निघाले. धर्मगुरूकडूनच सूट आणायची, असा बेत. आता ते लोक आपल्या प्रार्थनास्थळाला ‘मशीद’ म्हणतात. कोंडीरामांनी भायखळ्याच्या पुढे उतरून मशीद विचारली आणि लोकांनी त्यांना मुसलमानांच्या मशिदीत नेलं. तिथल्या एका म्हाताऱ्या गृहस्थाला त्यांनी चंद्राची अडचण सांगितली. गृहस्थ चंद्राच्या बाबतीत फारच जाणकार निघाले. अर्धा तास बोलले, आणि मग लक्षात आलं की दोघांचे चंद्र वेगळे आहेत. त्यांनीच मग गल्ली दाखवली.

तिथले हज्जान, म्हणजे प्रार्थना चालवणारे, सकाळची प्रार्थना आटपून पुस्तकं मिटत होते. त्यांनी कोंडीरामांना बसवून सगळं ऐकून घेतलं. म्हणाले, ही आज्ञा नाही, चाल आहे. कोंडीरामांचा चेहरा उजळला. पण ही चाल बायकांची, असं ते पुढे म्हणाले. त्यांनी चालवली, त्याच मोडू शकतात. मी कोण सांगणारा? आज मीसुद्धा माझ्या घरचा चहा करून आलोय.

ते परत आले तेव्हा चाळीत काय झालं होतं ते सांगते. माझी सुट्टी पाणी भरताना नळावर कळली आणि तिथून मजलाभर पसरली. सगळ्याच बायकांनी घेतली असं मी म्हणणार नाही. कुणी भात टाकून मग खुर्ची काढली, कुणी खालच्या मोरीत लपून दोन लुगडी धुऊन घेतली. सुंदराबाईंची पहिली पाळी होती, त्या मिलमध्ये गेल्या आणि दुपारी सरळ खुर्चीवर आल्या. रखमा मासे घेऊन आली ती टोपली खाली ठेवून बसलीच. म्हणाली, आज पाण्याला ओढ आहे, चंद्राचं तुम्ही मला काय सांगता. गॅलरीत नऊ-दहा खुर्च्या, स्टुलं, पाट मांडले गेले. मलिदा दोन परातींत झाला, तोही आरनराव वर्कशॉपला जाण्याआधी खोबरं किसून गेले होते म्हणून.

कोंडीराम दुसऱ्या पाळीला जाण्याआधी माझ्यासमोर उभे राहिले. मी पाय हलवत बसले होते. जेवण काय आहे, असं त्यांनी विचारलं. मी सांगितलं, डबे नावांप्रमाणे लावलेले आहेत. ते पोहे भिजवून खाऊन गेले. पोहे भिजवायचं पाणी काढून टाकायचं असतं हे त्यांना ठाऊक नव्हतं, असं नंतर भांड्यावरून कळलं.

संध्याकाळी आम्ही गच्चीवर गेलो. मिलच्या चिमणीच्या डावीकडे बीजेची कोर निघाली होती, नखाएवढी. आमच्यात तिला दशी वाहतात, म्हणजे नेसल्या कपड्याचा धागा काढून चंद्राकडे टाकायचा आणि ‘जुनं घे, नवं दे’ म्हणायचं. आम्ही धागे काढायला लागलो आणि सेगुलाबाई आपली प्रार्थना मध्येच थांबवून ओरडल्या की पातळाच्या काठाचा काढा, माझ्या शिलाईचा कुणी ओढायचा नाही. सुंदराबाई कठड्याला टेकून हे सगळं बघत होत्या. त्यांनी धागा काढला नाही. कोर मात्र मावळेपर्यंत बघितली.

खाली आलो तर आरनराव मशीनसमोर मांडी घालून बसलेले. फार कमी बोलायचे ते. चोवीस वर्षांत त्या मशीनला तेल घालण्यापलीकडे त्यांना परवानगी नव्हती. त्यांनी बायकोकडे बघितलं आणि एवढंच म्हणाले, “पुरुषांना चालतं ना?”

त्या मशीनवर दुसऱ्या कुणाचा हात पडणं सेगुलाबाईंना किती जड जात होतं ते मला दिसत होतं. मग त्यांनी खुर्ची ओढून घेतली, दोन पावलं लांब बसल्या, हात पदराखाली घेतले आणि म्हणाल्या, सुतळी सोडा. हळू. ती गाठ कापायची नसते.

गुरुवारी उन्हं कलल्यावर ते काम खरं रंगलं. आरनराव चाक फिरवायचे. दोन विणकर, ज्यांनी जन्मभर कापड विणलं पण कधी कापलं नव्हतं, ते पताका कापायचे. कोंडीरामांनी त्या दिवशी पाळी बदलून घेतली होती. ते अक्षरांची आखणी करत होते. सेगुलाबाई लांबून नुसतं बोलायच्या: टाके मोठे, कापड ताणू नका, कोपरा वळवताना सुई खाली ठेवा. कोंडीरामांनी त्यांना विचारलं, हे सांगणं कामात धरत नाहीत का? त्या म्हणाल्या, सांगणं काम धरलं तर बायकांना जन्मात सुट्टी मिळायची नाही.

मग आरनराव पाणी प्यायला उठले आणि कोंडीराम मशीनवर बसले. आपल्यालाही येईल असं त्यांना वाटलं असावं. चाक जोरात फिरवलं, पताका सरसर पुढे गेली आणि तिच्याबरोबर त्यांच्या सदऱ्याची बाहीही गेली. एक वीतभर. पक्की, दुहेरी टीप. ते उठायला गेले तर दीड फुटाची भगवी पताका मनगटाला लटकत होती, आणि दोरा मशीनमध्ये.

त्यांनी सेगुलाबाईंकडे बघितलं. त्या म्हणाल्या, उसवणं शिवण्यातच धरतात. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मला हसू आवरत नव्हतं. इतकं, की डोळ्यांतून पाणी आलं आणि रखमाने माझ्या पाठीवर थापट्या मारल्या. हसता हसता माझ्या लक्षात आलं की ते रागावलेले नाहीत. पताका धरलेला हात वर करून ते माझ्याकडेच बघत होते, आणि त्यांच्या चेहऱ्यावर अशी काही नवलाई होती, जशी पंचांग वाचताना होती. आरनरावांनी कात्री आणून सोडवलं. घरी आल्यावर कोंडीरामांनी चहा केला. मी प्यायले. साखर विसरले होते. मी सांगितलं नाही.

शुक्रवारी उजाडताच सेगुलाबाई मशीनवर बसल्या त्या उठल्याच नाहीत. पुरुषांनी केलेल्या पताकांपैकी साठेक त्यांनी तशाच ठेवल्या. वाकड्या होत्या, पण वाऱ्यावर कोण बघतंय, असं म्हणाल्या. फलक मात्र त्यांनी पुन्हा पहिल्यापासून केला, कारण कोंडीरामांनी आखलेल्या अक्षरांत ‘महाराष्ट’ झालं होतं. खालचा रकार राहिला होता. एवढी वर्षं ज्यासाठी घसा बसवला तो शब्दच लंगडा, म्हणून समितीतले सगळे एकमेकांवर ढकलत राहिले. बाई एकेक अक्षर लावत गेल्या. ‘होवो’ झालं तेव्हा ऊन भिंतीवरून वर सरकलं होतं. आता फक्त आखणीत नसलेला रकार लावायचा राहिला होता. त्यांनी तो कापला, जागेवर टाचणीने टोचला, खिडकीतून बाहेर बघितलं आणि उठून शब्बाथचे दिवे लावायला गेल्या.

कोंडीराम दारातच उभे होते. पाच मिनिटांचं काम होतं. त्यांनी फलक उचलून घरी आणला, माझ्याकडून सुई-दोरा मागितला, आणि दिव्याखाली बसून तो रकार स्वतः शिवला. पांढऱ्या दोऱ्याने, बोटभर लांब टाक्यांनी. मी शिवायला येऊ का, असं विचारलं, तर नको म्हणाले.

रविवारी सकाळी फलक दरवाजावर होता. लेझीम, ताशे, पेढे, गुलाल, काही विचारू नका. लोक वर बघून वाचत होते आणि रकार अर्ध्या रस्त्यातून दिसत होता. सेगुलाबाई डाळिंबी पातळ नेसून खाली आल्या, वर बघितलं आणि डोळे घट्ट मिटून घेतले. समितीने त्यांचा शाल-नारळ देऊन सत्कार ठेवला होता. त्यांनी आरनरावांना पुढे केलं. सहा फुटी आरनराव बायकांच्या कौतुकात नारळ धरून उभे राहिले, आणि आयुष्यातलं बहुधा एकमेव भाषण केलं: “मशीन चांगलं आहे.”

आमच्या मजल्यावर ती सुट्टी त्यानंतर चार-पाच वर्षं टिकली. सगळ्यांची नाही आणि दर महिन्यालाही नाही. पण कोंडीरामांनी कॅलेंडरवर खुणा करणं सोडलं नाही. आता ते आदल्या दिवशी मला आठवण करायचे आणि पोहे बेताने भिजवायचे.

चौसष्ट साली आरनराव निवृत्त झाले आणि दोघं डायनाकडे गेले. बंदरावर निरोप द्यायला आम्ही निम्मी चाळ गेलो होतो. मशीन त्यांनी बरोबर नेलं. वर्षभराने पत्र आलं. देश चांगला आहे, ऊन कोरडं आहे, मासे महाग आहेत आणि रखमासारखं कुणी नाही, असं लिहिलं होतं. इथे सगळेच ज्यू, पण रोश होदेशला बसायला कुणाला वेळ नाही, सगळ्या बायका नोकरीला नाहीतर शेतावर. पहिले काही महिने एकटीच खुर्ची टाकून बसले. मग शेजारच्या मोरोक्कोच्या दोन बायका आल्या, आता सहा येतात. त्यांची भाषा मला येत नाही, माझी त्यांना येत नाही, पण एक मराठी शब्द सगळ्यांना शिकवलाय. दारात येतात, पिशवी खाली ठेवतात आणि म्हणतात, ‘दमले’.